रात्रपाळीच्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात, नाशिकच्या ऐन थंडीत, मी तुमच्या वॉर्डात जवळजवळ तीन आठवडे होते. गरोदरपणाचा बत्तिसावा आठवडा, रक्तदाब १५०/१००, आणि त्याआधीचा पंधरवडा सलग दोन तासही झोप नाही, अशा अवस्थेत मी दाखल झाले. झोपेची तक्रार मी आधी दुसरीकडे केली होती. "या दिवसांत असेच व्हायचे," एवढेच उत्तर मिळाले होते. तुम्ही मात्र पहिल्याच रात्री खाटेशेजारी स्टूल ओढून बसलात आणि विचारलेत, "झोप लागत नाही, की लागून मोडते?"

लागत नव्हती ती पायांमुळे. अंग टेकताच पोटऱ्यांत काहीतरी सरपटल्यासारखे होई आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नसे. मी त्याला थकवा समजत होते; तुम्ही ते राउंडला डॉक्टरांच्या कानावर घातलेत आणि तपासणीत लोह फार कमी निघाले. गोळी मी नेमाने घेत होते, पण सकाळच्या चहाबरोबर, आणि चहामुळे लोह अंगी लागत नाही हे मला तेव्हा कळले. मोडत होती ती जळजळीने, लघवीने आणि घोरण्याने. घोरण्याचे सांगायला मला संकोच वाटे. पंचवटीहून येणाऱ्या माझ्या आईने ते सांगितले. गरोदरपणात नव्याने सुरू झालेल्या घोरण्याचा वाढत्या रक्तदाबाशी संबंध असू शकतो, म्हणून तुम्ही ते लगेच केसपेपरवर नोंदवलेत.

शिवाय भीती होतीच. उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या शिरेवर पडतो आणि बाळाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, हे वाचल्यापासून मी डाव्या कुशीवर इतकी ताठ पडून राही की खांदा बधिर होई. "उजवी कूसही चालते, आणि जाग आल्यावर उताण्या असलात तर नुसते वळा," असे म्हणून तुम्ही चादरीची वळकटी माझ्या पाठीशी लावलीत. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने सुरू झाली, त्या दोन रात्री मी टक्क जागी होते. असे होऊ शकते, हे तुम्ही आधीच सांगून ठेवले होते, म्हणून घाबरले नाही.

औषधांच्या ट्रॉलीचे एक चाक करकरत असे. एका रात्री तुम्ही खाली बसून त्यात माझ्याच बाटलीतले खोबरेल तेल सोडलेत. बाराचे बीपी आणि दोनची गोळी यांची वेळ डॉक्टरांना विचारून एक करून घेतलीत. त्या रात्री मी सलग चार तास झोपले, महिन्याभरात प्रथमच.

झोपेने रक्तदाब उतरला असे मी म्हणणार नाही. तो गोळ्यांनीच आटोक्यात राहिला. पण पस्तिसाव्या आठवड्यात सिझेरियनची वेळ आली तेव्हा माझ्या अंगात त्राण होते, ते तुमच्यामुळे. मुलगी सुखरूप आहे.

डिस्चार्जच्या सकाळी तुम्ही ड्यूटी संपवून घरी गेला होतात, त्यामुळे हे सारे सांगायचे राहून गेले.

आपली ऋणी,
खिडकीजवळच्या खाटेवरची पेशंट