काका, तुमचं दाताळं माझ्याकडंच आहे

काका,

सप्रेम नमस्कार.

आज १५ जून. १५ फेब्रुवारीला सुरू झालेला जंगलातल्या आगीचा हंगाम आज संपला, आणि आम्हा सहा पोरांची रोजंदारीही. निघताना तुम्ही मला बोलूच दिलं नाही. "आभार-बिभार काय मानतं? घरी जाय, मायले भेट," एवढंच म्हणालात. म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण ताडोब्यात वाघ पाहायला येणाऱ्या माणसाला जिप्सीतून रस्त्याकडेचा काळा पट्टा दिसतो, पण तो कुणी, कशासाठी जाळला हे त्याला कुणी सांगत नाही.

आम्ही जानेवारीत आलो तेव्हा मला वाटत होतं, आपलं काम आग विझवायचं. पहिले तीन आठवडे आपण एकही आग विझवली नाही. नुसता दाताळ्यानं पाला ओढला. सागाची पानं, बांबूचा कचरा, गवत. जाळरेषेच्या दोन्ही कडा जमीन दिसेपर्यंत खरडायच्या आणि मधला पट्टा आपणच जाळून टाकायचा, म्हणजे पुढं वणवा आला तर त्याला खायला काही उरत नाही. पट्टा पेटवायच्या आधी तुम्ही मूठभर पाला चुरून बघायचात. फार कुरकुरला की त्या दिवशी काडी ओढू द्यायचा नाहीत. आम्ही चिडायचो, कारण पहाटे चारला उठून आलेलो असायचो.

मार्चमधली टेकडीवरची आग आठवते ना? मोबाईलवर संदेश आला होता. उपग्रहानं हेरलेल्या आगीचे हे संदेश डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून येतात, पण नकाशावरचा तो ठिपका ३७५ मीटरचा असतो, त्यात आग नेमकी कुठं ते कळत नाही, आणि उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. संदेश आला तेव्हा तुम्ही वास घेऊन अर्ध्या वाटेवर पोचला होतात. खाली वाळलेला बांबू फटाक्यांसारखा फुटत होता. मी पाला उडवणाऱ्या ब्लोअरवाल्यांना सोडून, दाताळं घेऊन सरळ चढणीवर, आगीच्या वर धावलो. तुम्ही मागून शर्ट धरून मला खाली ओढलंत. मी पडलो, दाताळ्याचा दांडा मोडला. मी उभा होतो तिथं दोन मिनिटांत ज्वाळा होत्या. "आगीले समोरून भिडू नोको. ते चढावर माणसापेक्षा जोरात पळते." वरचा पाला आग पोचायच्या आधीच तापून तयार असतो, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त तुमचा हात कळला. मग जळून काळ्या झालेल्या बाजूनं आपण चालत गेलो आणि कडेकडेनं ती आग अरुंद करत आणली.

आग विझली तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. सगळे निघाले. तुम्ही म्हणालात, आम्ही थांबतो. मनातल्या मनात मी तुमच्यावर फार रागावलो होतो, आज कबूल करतो. दोनच्या सुमाराला एक पोकळ, वाळलेलं खोड आतून पेटलं आणि वाऱ्याबरोबर ठिणग्या रेषेपलीकडं पडायला लागल्या. आपण तिथं होतो म्हणून ती पाच मिनिटांत विझली. राखेवर तळहात नाही, हाताची मागची बाजू धरायची आणि एकेक जागा बघत जायचं, हे त्या रात्री शिकलो. पहाटेपर्यंत तो अख्खा उतार आपण असा हातानं तपासला.

आणि मोहावाली मावशी. मोहाची फुलं रात्री-पहाटे गळतात, पाल्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवायचा. पुष्कळ आगी इथूनच सुरू होतात. आम्ही तिला पेटवताना धरलं आणि लगेच कायदा सांगायला लागलो, १९२७ चा वन अधिनियम, कलम २६, दंड, कैद. ती रडकुंडीला आली. तुम्ही तिच्याशेजारी बसलात, औंदा मोह किती पडला विचारलंत, आणि दाताळं घेऊन तिच्या झाडाखालचा पाला स्वतः ओढायला लागलात. तिला अंधारात यावं लागतं, त्याच फुलांवर अस्वलही येतं, हे सगळं ती त्या अर्ध्या तासात बोलली. पुढं मोह संपेपर्यंत आम्ही पोरं पाळीनं तिच्या आणि तिच्या शेजारणींच्या झाडांखालचा पाला ओढून देत होतो. त्या बाजूनं या हंगामात पुन्हा एकही आग आली नाही. मी याच भागात वाढलो, माझी आजी मोह वेचायची, तरी मला हे सुचलं नव्हतं. तुमचे सगळ्यात जास्त आभार या सकाळीसाठी.

मोडलेल्या दाताळ्याला मी नवा बांबूचा दांडा बसवलाय. जुन्यापेक्षा वीतभर लांब ठेवला, तुम्हाला कमरेतून वाकायला त्रास होतो म्हणून. धानाचे पऱ्हे टाकायच्या आत आणून देतो. आईनं तुमच्यासाठी लोणचंही काढून ठेवलंय.

तुमचाच,
बांबूच्या बाजूचा पोट्टा