धरण उशाला, कोरड घशाला: नगरविकास मंत्र्यांना किरकटवाडीहून पत्र

मा. नगरविकास मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी किरकटवाडीत राहते. सिंहगड रोडने धायरी फाटा ओलांडून नांदेड फाट्याच्या पुढं आलं की आमचं गाव, आणि तिथून थोडं पुढं गेलं की खडकवासला धरण. 30 जून 2021 ला 23 गावं पुणे महापालिकेत आली त्यात आम्हीही आलो, क्षेत्रफळात पुणं मुंबईच्याही पुढं गेलं अशा मोठमोठ्या बातम्या आल्या, आणि खरं सांगते आम्हालाही आनंद झाला होता, वाटलं चला आता निदान पाण्याचं तरी मार्गी लागेल.

धरणाचं पाणी आमच्या शेजारूनच बंद पाइपलाइनमधून आणि कालव्यातून पर्वतीकडे जातं, तिथं गाळतात, शुद्ध करतात आणि मग ते शहरातल्या नळांना येतं. आमच्याकडं मात्र धरणाचंच पाणी विहिरीत, विहिरीत ब्लिचिंग पावडर, तिथून टाकीत आणि टाकीतून थेट घरात, मधे शुद्धीकरण केंद्र नाहीच. असंच चालू होतं वर्षानुवर्षं. जुलैमधे तर नळाला फडकं बांधलं की तासाभरात त्याच्यावर चहाच्या रंगाचा गाळ बसतो, मग तुरटी फिरवा, रात्रभर पातेलं निवत ठेवा, सकाळी वरचं वरचं काढून उकळा, आणि ज्या घरात दोघंही कामाला जातात त्यांनी हे सगळं कधी करायचं?

2025 च्या जानेवारीत जीबीएस, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम हा नसांचा आजार, आला तो आमच्याच पट्ट्यात. नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला ही नावं तेव्हा देशभरातल्या टीव्हीवर होती. चांगली हिंडती-फिरती माणसं, आधी जुलाब, मग आठ-दहा दिवसांनी पायाला मुंग्या, मग उठताच येईना, काही जण थेट व्हेंटिलेटरवर. पेशंटचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही माणसं गेली. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला, जो दूषित पाण्यातून अन्नातून पोटात जातो आणि मग आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. त्या दिवसात इथं पोराच्या पायात गोळा आला तरी आईच्या पोटात गोळा यायचा. मोठमोठी माणसं येऊन विहीर बघून गेली, परिसरातले कित्येक खासगी आरओ प्लांट बंद केले, ते बरोबरच केलं, पण लोक आरओचे जार विकत का आणत होते हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा होता ना साहेब?

आता तुम्हालाच का लिहितेय ते सांगते. गावं महापालिकेत घातली सरकारने, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत, जुलै 2021 मधे, त्याच 23 गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, नेमलं तेही सरकारनेच. म्हणजे बिल्डिंगला परवानगी एकाने द्यायची, फी त्यानेच घ्यायची आणि पाणी, ड्रेनेज, कचरा, रस्ता हे दुसऱ्याने बघायचं. बिल्डर पाण्याचं हमीपत्र लिहून देतो, फ्लॅट विकून मोकळा होतो, आणि मग टँकरचं बिल सोसायटीच्या माथी. पहाटे पाचला टँकर येतो, पाइप टाकीत सोडतो, तो कुठल्या विहिरीतनं भरलाय, कधी धुतलाय हे कोणी सांगत नाही आणि विचारलं तर उद्या तो येणार नाही ही भीती. आम्ही ऑफिसात गेलो की हे ऑफिस म्हणतं तिकडं जा, ते म्हणतं इकडं जा. आणि दाद मागायची तरी कोणाकडं, ग्रामपंचायत बंद झाली, नगरसेवक मिळायच्या आत मार्च 2022 मधे महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, ते थेट जानेवारी 2026 मधे मतदान होईपर्यंत! एवढी वर्षं आमच्या गावाकडून बोलणारं सभागृहात एकही माणूस नव्हतं.

सरकारने आमच्या गावांतल्या मिळकतीच्या टॅक्सवसुलीला स्थगिती दिली ती घोषणा ऐकली. इथली माणसं फुकट मागणारी नाहीत हो, दर महिन्याला टँकर, जार, फिल्टरची कार्ट्रिज यावर टॅक्सपेक्षा जास्त पैसे जात असतील एकेका घराचे. पाणी द्या, टॅक्स घ्या, लोक भरतील.

मागणं फार नाही. आमच्या या गावांसाठी शुद्धीकरण केंद्र कधी सुरू होणार त्याची तारीख जाहीर करा, आणि काम कुठवर आलंय ते दर महिन्याला गावात बोर्डावर लावा. तोपर्यंत टाकीतल्या पाण्याचा आणि टँकरच्या पाण्याचा तपासणी रिपोर्ट त्याच बोर्डावर लावा, मराठीत, आमच्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येईल असा. पाण्याची सोय झाल्याशिवाय नवीन टॉवरला परवानगी देऊ नका, नुसत्या हमीपत्रावर तर अजिबातच नको. परवानगी देणारा आणि पाणी देणारा एकच करा, हा निर्णय तुमच्याच खात्याचा आहे.

आणि येणारच असाल तर पहिला मोठा पाऊस झाल्यावर या. कुठल्याही घरात जा आणि नळ सोडायला सांगा.

आपली,
किरकटवाडीची एक रहिवासी