भुऱ्याने माझ्याकडे पाठ केली तेव्हा: आमच्या डीएम ताईला पत्र

ताई,

परवा तू नागपूरला निघालीस, तुला ठाण्याला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसवून दिलं तेव्हा बोलायचं ते राहूनच गेलं. काका पाण्याची बाटली आणायला धावले, मी तुझी बॅग सीटखाली ढकलत बसले आणि तेवढ्यात गाडी हललीच. घरी येताना रिक्षात वाक्यं जुळवत होते. फोनवर सांगितलं असतं तर तू "अगं काय त्यात" म्हणून विषय बदलला असतास, मला माहितीये, म्हणून लिहितेच. सगळ्यांसमोर लिहितेय कारण जे जे लोक तुझ्यासारखे टेबलवर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा गेम चालवतात, म्हणजे डीएम असतात, गोष्ट सांगतात आणि नियम सांभाळतात, त्यांनी पण हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मी तुझ्या टेबलवर आले तेव्हा कशी होते आठवतंय ना. कोपऱ्यातली खुर्ची, रोल सांगितला की वीस बाजूंचा डाइस टाकायचा, बाकी गप्प. त्याला कारण होतं, तुला कधी नीट सांगितलं नाही. त्याआधी मी एका दुसऱ्या ग्रुपमध्ये खेळायचे, तिथे माझ्या कॅरेक्टरने, म्हणजे गेममधल्या माझ्या पात्राने, एक लांडगा माणसाळवला होता, एका रोलमध्ये, वीस पडले म्हणून. डीएम म्हणाला ठीक आहे, तुझा झाला. पुढच्याच सेशनला पहिल्या सापळ्यात त्याने तो लांडगा मारून टाकला, एका वाक्यात, आणि पुढे गेला. मी काही बोलले नाही पण घरी येऊन रडले, आणि मग ठरवलं की टेबलवर काही मागायचंच नाही.

म्हणून त्या रविवारी, मेगाब्लॉकमुळे अर्धे लोक उशिरा आलेले, काकूंचे पोहे गार झालेले, आणि तू म्हणालीस की झाडीत एक आऊलबेअर, म्हणजे घुबडअस्वल, आहे, मागचा पाय लोखंडी चापात अडकलाय, तेव्हा आपल्या कॉलेजवाल्या पोराने लगेच धनुष्य काढलं. मारलं की सातशे एक्सपी (अनुभवाचे गुण), चौघांत प्रत्येकी १७५, सोपं गणित. आणि मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडून म्हटलं, मला त्याला मारायचं नाहीये, मला त्याला सोडवायचंय आणि जमलं तर सोबत न्यायचंय.

तू "नाही" म्हणाली नाहीस. "हो, घे" असंही म्हणाली नाहीस. तू पेन खाली ठेवलंस आणि विचारलंस, "कसं?"

हा एक शब्द. त्याच्यासाठीच हे सगळं पत्र आहे असं समज.

मी घाईघाईत म्हटलं की माझ्या रेंजरकडे (माझं कॅरेक्टर, रानात वावरणारी) ॲनिमल फ्रेंडशिप आहे, तो मंत्र टाकते. तू आपलं २०१४ चं पुस्तक उघडून दाखवलंस की तो मंत्र फक्त बीस्टवर, म्हणजे साध्या प्राण्यांवर, चालतो आणि आऊलबेअर तर मॉन्स्ट्रॉसिटी, म्हणजे अचाट राक्षसी जनावर, आहे, त्यामुळे मंत्र चालणार नाही. बीस्ट मास्टरचा (प्राणी सोबत ठेवणाऱ्या रेंजरचा) नियम पण दाखवलास, त्यात सोबती प्राणी पाव चॅलेंज रेटिंगपर्यंतचाच घेता यायचा (जनावर किती भारी त्याचा आकडा) आणि हा सरळ तीनचा. माझा चेहरा उतरला असणार, कारण तू लगेच आऊलबेअरच्या पानावर बोट ठेवलंस जिथे लिहिलंय की आऊलबेअरला माणसाळवणं अवघड आहे पण वेळ, खाणं आणि नशीब असेल तर होऊ शकतं. "मंत्राने नाही होणार, हाताने करावं लागेल," म्हणालीस. आणि मग, हे मी कधीच विसरणार नाही, तू बाकीच्या तिघांकडे वळून विचारलंस की याला तीन-चार सेशन जातील, सगळ्यांना चालेल का, आणि मारलं तरी सातशे मिळतील, जिंकून घेतलं तरी सातशेच मिळतील. पोराने धनुष्य ठेवलं. एक्सपीची भीती गेली की माणसं किती वेगळी खेळतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

तू वहीच्या कागदावर पेन्सिलने सहा घरं काढलीस आणि वर लिहिलंस "विश्वास". यश आलं तर एक घर भरायचं. फसलं तर भरलेलं घर पुसायचं नाही, पण जनावर जनावरासारखं वागणार. आणि सगळी घरं माझ्या एकटीची नव्हती, हे तर मला फार आवडलं. चाप उघडायचं काम पोराच्या चोराचं, दबक्या पावलाने. जखम धुवायची काकांच्या क्लेरिकने, म्हणजे बरं करणाऱ्या पुजाऱ्याने. उजेड कमी करायचा आपल्या जादूगारणीने, कारण मशाल बघून ते बिथरत होतं. माझ्या हट्टात सगळे सामील झाले, कोणी नुसतं बघत बसलं नाही.

रोलच्या आधी तू आकडे उघड सांगायचीस. ॲनिमल हँडलिंग (जनावर हाताळायचं कौशल्य), माझे अधिक पाच, हवेत अठरा, म्हणजे डाइसवर तेरा किंवा वर, वीसात आठ वेळा. शंभरात चाळीस. ताजं मांस वाऱ्याच्या दिशेने ठेवलं तर ॲडव्हान्टेज (दोन डाइस टाकून मोठा घ्यायचा), मग शंभरात चौसष्ट. आणि फसलं तर काय तेही आधीच: चोच आणि पंजे, एका फेरीत सरासरी चोवीस डॅमेज, तुझे जिवाचे गुण छत्तीस आहेत, विचार कर. मी विचार केला, खरंच केला, घशाला कोरड पडली होती. धोका खरा होता म्हणून तर मजा होती ना. आणि दुसऱ्या सेशनला फसलंच. दोन्ही डाइस कमी पडले, तू सव्वीस डॅमेज सांगितलंस, माझे दहा उरले. टेबलवर सगळे म्हणाले पळ. मी म्हटलं मी पळत नाहीये, मी खाली बसतेय, हात मोकळे ठेवून. तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस, मग कागदावर काहीच न पुसता म्हणालीस, "त्याला कळलं की तू पळाली नाहीस."

पण आकड्यांपेक्षा मला जे मिळालं ते खुणांमधून. तू घुबडाबद्दल आणि अस्वलाबद्दल वाचून आली होतीस हे कळत होतं. घुबड घाबरलं की चोच आपटतं, तू नखाने चहाच्या कपावर टक टक करायचीस आणि आम्ही सगळे तिथेच थांबायचो. अस्वल फुसकारतं, पंजा जमिनीवर आपटतं, तेव्हा मागे सरकायचं. आणि घुबडाचे डोळे खोबणीत हलत नाहीत म्हणून त्याला सगळी मान वळवावी लागते, २७० अंशांपर्यंत वळते, म्हणजे त्याने पाठ केली तरी ते तुला बघू शकतं, हे तू सांगितलंस. त्यामुळे आम्ही चार सेशन नुसती त्याची मान बघत होतो. पाठ केली पण मान आमच्याकडे. मांस खाल्लं पण मान आमच्याकडे. रात्री पोराचा पाय काटकीवर पडला की मान गर्रकन त्याच्याकडे. सगळ्या टेबलला एक प्राणी वाचायला शिकवलास तू, आणि शिकवतेयस असं जाणवू दिलं नाहीस.

आणि तो चौथा रविवार. बाहेर पाऊस, योगी हिल्सच्या मागचा डोंगर दिसेनासा झालेला, काकूंनी दिवे लावले. शेवटचं घर. माझा रोल, एक डाइस सहावर थांबला आणि दुसरा टेबलच्या कडेपर्यंत घरंगळत गेला आणि वीस. सगळे ओरडले. मला मात्र एकदम धस्स झालं, कारण मागच्या टेबलवर पण वीसच पडले होते. वाटलं, आता ही म्हणेल की ते तुझ्या पायाशी येऊन बसलं, आणि सगळं स्वस्त होऊन जाईल.

तू ओरडा थांबेपर्यंत थांबलीस. मग एकदम हळू म्हणालीस, "त्याने तुझ्याकडे पाठ केली आणि खायला लागलं." थोडं थांबून, "मान वळली नाही."

ताई, कोणी काही बोललं नाही. फक्त पावसाचा आवाज. काकांनी चष्मा काढून पुसला, मी पाहिलं. पायाशी बसणं, डोकं घासणं, काही नाही. फक्त एक मान वळली नाही, आणि मला आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात मोठं बक्षीस वाटलं, मी हे वाढवून लिहीत नाहीये.

त्यानंतर भुऱ्या (नाव पोराने ठेवलं, ज्याला त्याला मारायचं होतं त्यानेच) आमच्यासोबत होता पण आमचा नव्हता, आणि ते तू शेवटपर्यंत सांभाळलंस. लढाईत त्याला इशारा करायचा तर माझी त्या फेरीतली ॲक्शन जायची, म्हणजे बाकीच्यांच्या वाटणीचं काही मी खाल्लं नाही. अंगाने मोठा (लार्ज) असल्यामुळे अरुंद भुयारात यायचा नाही. गावाच्या वेशीबाहेर थांबायचा. एकदा त्याने धनगराची दोन मेंढरं खाल्ली आणि आम्ही सगळ्यांनी सोनं काढून भरपाई दिली आणि माफी मागितली, तो सीन आम्ही अर्धा तास खेळलो. काही लोक म्हणतील हा काय गेम झाला. माझ्यासाठी हाच गेम होता.

तेव्हाच तू वेशीवर तो शेंदूर लावलेला दगड ठेवलास. मी विचारलं हे पुस्तकात कुठेय, तर तू खिडकीकडे बोट दाखवलंस. बोरिवलीचं नॅशनल पार्क, शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल, आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याचा फोटो फिरतो तेच जंगल. आरेच्या पाड्यांवर, तिकडे पालघरपर्यंत वारली लोक वाघोबाला पूजतात, दिवाळीच्या सुमारास वाघबारस करतात, हे तू सांगितलंस. "वाघोबाला कोणी पाळत नाही. त्याच्याशी बोलणी असतात, त्याचं त्याला, आपलं आपल्याला." आऊलबेअर म्हणजे हा गेम बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सला हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांमध्ये सापडलेलं जनावर, गेमच्या १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत पहिल्यांदा छापलेलं, आणि तू ते मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर आणून वाघोबाच्या शेजारी असं बसवलंस की ते जणू इथलंच आहे. मी या गावात वाढले आणि बिबट्या म्हटलं की मला फक्त भीती माहीत होती.

अजून एक सांगायचंय. मला लहानपणी कुत्रं चावलं होतं, पोटरीला, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या तपकिरी कुत्रीला टाळायला मी सात वर्षं लांबच्या गेटने ये-जा करायचे. जुलैपासून मी रोज रात्री जवळच्या गेटने येते. तिच्याकडे सरळ बघत नाही, पायरीवर बसते, दहा फुटांवर, पोळीचा तुकडा मध्ये ठेवते आणि तिच्या कानांकडे लक्ष देते. हात लावलेला नाही, लावायचाही नाही अजून. मागच्या आठवड्यात ती माझ्याकडे पाठ करून झोपली. मी आईला फोन करून सांगितलं, आईला काही कळलं नाही, पण तुला कळेल.

आणि ते घुबडअस्वल. गणपतीच्या वर्कशॉपमधून उरलेल्या शाडूचं तू केलेलं, अंगठ्याएवढं, पिसांसाठी काडीने ओरखडे काढलेले, एका बाजूला तुझ्या बोटाचा ठसा तसाच वाळलेला. जाताना तू ते माझ्या हातात ठेवलंस आणि म्हणालीस सांभाळ. घरी पोचेपर्यंत चोचीचं टोक निघालं होतं, रुमालातच सापडलं, फेविक्विकने बसवलंय, नीट बसलंय, जवळून बघितलं तरच रेघ दिसते. सहा घरांचा कागद पण माझ्याकडेच आहे, काकांनी लॅमिनेट करून आणला.

ऑनलाइन खेळूया म्हणालीस ते विसरू नकोस, रविवारी तुला जमेल ती वेळ सांग, आम्ही चौघं काकांकडेच जमू आणि लॅपटॉप तुझ्या खुर्चीवर ठेवू. नागपूरला गेम सुरू केलास तर तिथल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या माणसाला पण तेच विचार, कसं.

भुऱ्याला मी खिडकीत ठेवलंय, तोंड डोंगराकडे, पाठ माझ्याकडे.

तुझीच,
रेंजर