शाळेनंतरच्या आयुष्याची तयारी करून घेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

माझी मुलगी आता कामावर जाते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते कसं जमलं हे इतर पालकांनाही कळावं, म्हणून तुमचे आभार चारचौघांत मानते आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आईवडिलांना एकच प्रश्न झोपू देत नाही: आमच्यामागे हिचं काय? ती चौदा वर्षांची असतानाच तुम्ही तो हाती घेतलात. शाळा संपल्यावर ती दिवसभर काय करेल, कुठे राहील, तिची माणसं कोण असतील? इतक्या लवकर का, असं वाटलं होतं. पण या मुलांना वर्गात शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जमतंच असं नाही. तेच काम नव्या ठिकाणी, नव्या माणसांत पुन्हा शिकावं लागतं. त्यात वर्षं जातात.

तुम्ही आम्हाला नुसतं सह्यांपुरतं बोलावलं नाहीत. घरी ती कोणतं काम न सांगता करते, कशाला कंटाळते, कुठल्या आवाजाने बिथरते, सगळं विचारलंत. कपड्यांच्या घड्या घालण्यात ती रमते, हे कुठल्याच चाचणीत आलं नव्हतं. तुम्ही ते तिच्या शाळेनंतरच्या आयुष्याच्या आराखड्यात लिहिलंत आणि कामाचा सराव धुलाईकेंद्रात ठेवलात.

आराखड्याच्या बैठकीत तर तिलाच बसवलंत! चित्रं पुढे ठेवून निवडायला सांगायचात, आणि तिचं उत्तर येईपर्यंत आम्हा सगळ्यांना गप्प बसवायचात. ‘नको’ म्हणता येणं हेही शिकवायचं कौशल्य आहे, तिच्या सुरक्षिततेसाठी तर फारच, हे मला तिथे उमगलं.

अठरा पूर्ण होण्याआधी कायदेशीर पालकत्वाचा, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला देण्याचा, विषयही तुम्हीच काढलात. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार, त्यातलं १२ वं कलम तुम्ही समजावून सांगितलंत: कायद्यापुढे तिचं स्थान आणि निर्णय घेण्याचा अधिकार इतरांइतकाच आहे, आणि तो अधिकार वापरायला लागणारी मदत तिला मिळायला हवी. तिच्या वतीने ठरवण्याआधी, ठरवायला तिला काय मदत लागेल ते बघा, म्हणालात. आता तिचा भाऊ कागद सोप्या भाषेत समजावतो आणि निर्णय ती घेते.

तुमचा आराखडा आम्ही तिच्या कामावरच्या प्रशिक्षकांना दिला. ते तो अजून वापरतात. तिला आता एकटीने प्रवास करायचाय, तेव्हा त्यात भर घालावी लागेल. त्यासाठी ती आणि मी लवकरच भेटायला येतो.

मनापासून आभार.

तुमच्या विद्यार्थिनीची आई