आधी फाटक बघा, मग बागेला चांगली म्हणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत कुत्र्यांना मोकळं सोडता येईल अशा शहरातल्या बागांची यादी वाचली. हा विषय घेतलात याबद्दल आभार. एरवी कुत्र्यांची बातमी होते ती कुणाला चावल्यावरच, त्यामुळे अख्खं पान बघून बरं वाटलं. पण यादी वाचत गेले तसा संताप होत गेला. हिरवळ किती, सावली कशी, बसायला बाकं आहेत का, गाडी कुठे लावायची हे सगळं त्यात आहे. फाटकाबद्दल एक ओळ नाही. कुंपणाबद्दलही नाही. कुत्र्याची दोरी सोडायची तर सगळ्यात आधी बघायच्या त्या याच दोन गोष्टी.

आणि पहिला क्रमांक दिलात तो नेमका तळ्याकाठच्या बागेला!

त्या बागेला एकच फाटक आहे, आणि ते थेट रहदारीच्या रस्त्यावर उघडतं. खिट्टी झिजलेली, म्हणून ती तारेनं बांधलेली. गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी एक कुटुंब बाबागाडी घेऊन आत येत होतं. बाबागाडी रुंद, फाटक अरुंद, त्यामुळे ते बराच वेळ सताड उघडं राहिलं. नवीन कोणी आलं की आतली सगळी कुत्री फाटकाशी धावतात, हे कुत्री पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तशी ती धावली. बाबागाडीचं चाक आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये जेमतेम वीतभर फट होती, तिच्यातून आमची झिपरी बाहेर निसटली आणि रस्ता ओलांडून थेट दुभाजकावर जाऊन उभी राहिली.

मी फाटकाशी पोचले तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. कान मागे पडलेले, शेपूट पोटाखाली. झिपरी हाकेला पक्की आहे, आणि त्या क्षणी मला भीती वाटली ती त्याचीच. नाव घेऊन हाक मारली असती तर ती सरळ माझ्याकडे धावली असती, मधे बस आहे की ट्रक हे न बघता. म्हणून हाक न मारता हात वर केला आणि ओरडले, "बस!" ती बसली. थरथरत होती, पण बसली. एका स्कूटरवाल्यानं आपली गाडी आडवी घालून मागची रहदारी थोपवली, तेव्हा कुठे मी तिच्यापर्यंत पोचले. त्या गृहस्थांचं नावही विचारायचं राहून गेलं. ते हे वाचत असतील तर त्यांचे आभार.

दुसऱ्या दिवशी बागेच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. उत्तर मिळालं, कुत्र्यावर ताबा ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. मान्य आहे. पण मोकळं सोडण्यासाठी म्हणून जागा राखून ठेवायची, तशी पाटी लावायची आणि फाटक तारेनं बांधून ठेवायचं, यात कार्यालयाची काहीच जबाबदारी नाही का? ती तार आजही तिथेच आहे. तुम्ही छापलेल्या छायाचित्रात उजव्या कोपऱ्यात ती स्पष्ट दिसते, पुरवणी काढून बघा.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे: दुहेरी फाटक. बाहेरचं फाटक उघडून एका छोट्या बंदिस्त चौकात यायचं, ते मागे लावून घ्यायचं, आणि मगच आतलं उघडायचं. दोन्ही एका वेळी उघडी राहत नाहीत, त्यामुळे कुत्रं निसटलंच तरी चौकातच अडकतं. या चौकाचा दुसराही उपयोग आहे. कुत्र्याची दोरी तिथेच सोडता येते. मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात दोरीला बांधलेलं कुत्रं नेलं की त्याला ना मागे सरता येतं, ना तोंड फिरवता येतं. दोरी ताणली की त्याची मान वर होते, छाती पुढे येते, आणि समोरच्या कुत्र्याला वाटतं, हा भांडायलाच आलाय. फाटकाशी होणाऱ्या अनेक भांडणांचं मूळ इथे असतं, आणि दोष मात्र कुत्र्याच्या जातीवर ढकलला जातो. खास कुत्र्यांसाठी राखलेल्या बागा जगाला नव्या नाहीत. अमेरिकेत बर्कलीमध्ये अशी बाग १९७९ साली सुरू झाली. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर आपण अजून खिट्टीपाशीच अडकलोय.

कुंपणाचंही तेच. ते किती उंच आहे हे लांबून दिसतं, पण जमिनीलगत किती फट आहे हे वाकल्याशिवाय कळत नाही. छोटी कुत्री त्या फटीतूनच जातात, आणि उकरायची सवय असलेली मोठीसुद्धा. लहान कुत्र्यांना वेगळा भाग आहे का, हेही तुमच्या प्रतिनिधीनं बघायला हवं होतं. लहानसं कुत्रं किंचाळत पळालं की मोठ्याचा खेळ पाठलागात बदलायला वेळ लागत नाही, मग ते मोठं कुत्रं घरी कितीही गरीब असो.

आणखी एक. तुमच्या यादीतल्या निम्म्या जागा म्हणजे चौकोनी पिंजरे आहेत. माणसं मधे गप्पा मारत उभी आणि कुत्री त्यांच्याभोवती गोळा, याला मी फिरवणं म्हणत नाही. कडेनं वळणारी लांब पायवाट असली की माणूस चालत राहतो, कुत्रं वास घेत पुढेमागे करत राहतं आणि घोळका साचत नाही. ओढ्यालगतची बाग, जी तुम्ही 'सुविधा कमी' म्हणून तळाला टाकलीत, तिथे हे सगळं आहे. बाकं नाहीत, हे खरं. पण दुहेरी फाटक आहे, तळापर्यंत जाळी आहे आणि कुत्र्यांच्या उंचीवर पाण्याचा नळ आहे. माझ्या मते पहिला क्रमांक तिचा.

वेळांबाबतही लेख मोघम आहे. 'सकाळी परवानगी' म्हणजे कधी? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसारख्या मोठ्या बागांमध्ये ठरावीक भागांत सकाळी ९ च्या आधी आणि रात्री ९ नंतर कुत्री मोकळी सोडता येतात, आणि रेबीजची लस दिल्याचा पुरावा जवळ ठेवावा लागतो. वेळ अशी ठरलेली असली की कुत्र्यांना घाबरणाऱ्यांनाही बाग निर्धास्तपणे वापरता येते. बाग त्यांचीही आहेच. आमच्यासारख्यांचे आणि त्यांचे खटके उडतात ते पाटीवर वेळ नीट लिहिलेली नसते म्हणून.

लेखातलं एक वाक्य मात्र तातडीनं दुरुस्त करा. 'पिल्लांना लवकरात लवकर अशा बागेत न्यावं, म्हणजे ती धीट होतात.' लशी पूर्ण न झालेलं पिल्लू अशा बागेत नेऊ नये. पार्वोचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत उतरतो आणि तिथे कित्येक महिने टिकतो. वरवर स्वच्छ दिसणाऱ्या हिरवळीतूनही तो पिल्लाला गाठू शकतो, आणि या आजारात पिल्लं दगावतात. धीट करायचं तर ओळखीच्या, लस घेतलेल्या कुत्र्यांच्या घरी न्या, कडेवर घेऊन रस्ता दाखवा.

आणि ते मोठं रंगीत छायाचित्र! त्यात खेळणाऱ्या एका कुत्र्याच्या गळ्यात आत वळलेल्या काट्यांचा साखळीपट्टा आहे. खेळताना कुत्री एकमेकांच्या मानेलाच तोंड घालतात. अशा पट्ट्यात दुसऱ्याचा दात किंवा जबडा अडकला की दोघंही घाबरून ओढाताण करतात, एकाचा गळा आवळतो आणि दुसऱ्याचा जबडा दुखावतो. मोकळं सोडण्याआधी असा पट्टा काढायचाच असतो. 'आनंदी क्षण' म्हणून हे छायाचित्र छापण्याआधी कुणा प्रशिक्षकाला किंवा पशुवैद्यकाला दाखवलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

यादीचा दुसरा भाग पुढच्या रविवारी येणार असं लेखाच्या शेवटी म्हटलंय. त्याआधी तुमच्या प्रतिनिधीला संध्याकाळी सहाच्या सुमारास प्रत्येक बागेच्या फाटकाशी अर्धा तास उभं राहू द्या आणि प्रत्येक नावापुढे फाटक एकेरी की दुहेरी एवढं तरी छापा. तळ्याकाठच्या बागेची खिट्टी बदलेपर्यंत तिचं नाव यादीतून काढावं, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक