निम्मी सुई नको

मिरज,
५ जानेवारी

प्रिय सुरेखा,

तुझं पत्र काल मिळालं. बाळ जेमतेम तीन किलोचं आणि लस मात्र गुटगुटीत पोरांइतकीच, म्हणून सासूबाई निम्मीच द्यायला सांगतात. त्यांची माया कळते गं, पण निम्मी देऊ नकोस.

तापाचं औषध आपण वजनावर मोजतो, कारण ते रक्तातून अंगभर पसरायचं असतं. लसीचं तसं नाही. पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, अर्धा मिली मांडीत गेली की तिथल्या पेशी तिचा नमुना जांघेतल्या गाठींपर्यंत नेतात आणि रोगाशी लढायची खरी शिकवणी तिथं होते. वजनाचा त्यात संबंध नाही. क्षयावरची बीसीजी महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली आणि नंतर ०.१ देतो, तेही वयावरून. पोलिओची सुई मांसात दिली तर ०.५ मिली लागते, पण आपण ती कातडीत देतो म्हणून ०.१ पुरते, कातडीत पहारेकरी पेशी दाट असतात.

मग जास्त दिली तर जास्त बळ येतं का? १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं, गोवराचा जोर होता तिथं, सहाव्या महिन्यालाच फार तीव्र मात्रेची गोवराची लस सुचवली होती. आईकडून बाळाच्या रक्तात आलेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, लसीच्या आड येतात, त्यांच्यावर मात करायची म्हणून. गोवर टळला. पण सेनेगल, गिनी-बिसाऊ, हैती इथं ती घेतलेल्या मुली पुढं नेहमीची लस घेतलेल्या मुलींपेक्षा जास्त दगावल्या. १९९२ मध्ये ती थांबवली. प्रशिक्षणात हे ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडची गोवर-रुबेला नेहमीच्याच मात्रेची, नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतो, तिची भीती बाळगू नकोस.

मला काळजी वाटते ती अर्धवट सुटलेल्या डोसांची. दीड महिन्याच्या बाळाचं अंग पहिल्या पेंटाला नुसती ओळख करून घेतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी प्रतिपिंडं भराभर वाढतात. परवा वाळव्याकडच्या फडावर बीडची एक ऊसतोड बाई भेटली. पोर आठ महिन्यांचं, कार्डावर पेंटाचा एकच डोस. "आता पहिल्यापासून घ्यावं लागंल का?" म्हणाली. नाही लागत, सुटलं तिथून पुढं धरायचं. दुसरा तिथंच दिला, तिसऱ्याची तारीख तिच्या मुकादमालाही सांगून ठेवली.

तुझ्या बाळाचा पुढचा डोस दहाव्या आठवड्यात. दोन डोसांत चार आठवडे तरी जाऊ देत. रात्री अंग कोमट लागलं तर घाबरू नकोस, दूध पाजत राहा. संक्रांतीला माहेरी येशील तेव्हा कार्ड पिशवीत टाक, मी बघते.

तुझी,
मंगल