नाना, समाधी रंगवू नका

यॉर्कशायर, रविवार

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

आई फोनवर म्हणाली, मळ्यातली पणजोबांची समाधी दिवाळीआधी ॲसिडने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून ऑइलपेंटने रंगवायचं ठरतंय. नाना, हात जोडून सांगतो, इतक्यात माणूस लावू नका.

इथल्या गावच्या चर्चच्या आवारात दीड-दोनशे वर्षांपूर्वीची थडगी आहेत. दर शनिवारी आम्ही काही जण त्यांवरचा मजकूर उतरवून घेतो. आधी फोटो, मग एका दगडाला एक कागद: जागा, माप, तोंड कुठल्या दिशेला, आणि मजकूर जसाच्या तसा, मूळच्या चुकांसकट. न लागलेलं अक्षर अंदाजाने भरायचं नाही, तिथे टिंब द्यायचं.

इथला वालुकाश्म पाणी पितो. थंडीत त्या पाण्याचं बर्फ होऊन ते फुगतं आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा दगडाचा वरचा थर नावासकट सुटून येतो. कुणीतरी पूर्वी मायेनेच सिमेंट भरून ठेवलंय, पण सिमेंटपाशी ओल कोंडते आणि शेजारचा दगड आणखी झडतो. वर दगडफूल वाढलंय, आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचीच भावंडं. तेही खरवडायचं नाही, त्याच्याबरोबर दगडाचे कण निघतात.

गेल्या शनिवारी एक दगड मी कोरा म्हणून सोडून दिला होता. आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी मोठा आरसा आणला आणि कडेने, अगदी तिरकं ऊन त्यावर सोडलं. एकेका अक्षराच्या खाचेत सावली भरली. आईचं नाव, आणि खाली बाळाचं, वय चार महिने. मी लिहून घेतलं तेव्हा हात थरथरत होता.

नाशिकच्या शरणपूरची आठवणही तिथेच आली. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकत. त्यांतला जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा ब्रिटिश मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टन तिथेच वारला, तेव्हा तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरलं ते याने. ते कोरीव लाकूड लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत जपलंय. आपल्या नाशकात शिकलेल्या हाताची ती अक्षरं!

आपला काळा पाषाण कणखर आहे, इथल्यासारखा झडणार नाही. पण ऑइलपेंटचे थर खाचांत बसले की अक्षरं बुजतात. आधीच ‘शके १८’च्या पुढचे दोन आकडे आपल्याला कधी लागले नाहीत. तेवढ्यासाठी एक करा. ऊन कलल्यावर आजीचा ट्रंकेतला आरसा घेऊन मळ्यात जा. दादाला आरसा कडेला धरायला सांगा, तुम्ही समोरून फोटो काढा, आरसा थोडा थोडा फिरवत पाच-सहा तरी. धूळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बाकी काही नको. आकडे लागले तर त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वहीतल्या नोंदीशी ताडून बघू.

फोटो आले की लगेच फोन करतो. आरसा जपून न्या, त्याची चौकट एका कोपऱ्यात सुटलीय.

आईस नमस्कार.

तुमचा,
धाकटा